सोजराबाईंचा दुसरा नंबर

शिरड शहापूरच्या सोजराबाईंना आयुष्यात बरंच काही मिळालं. कमी बोलणारा नवरा मिळाला, बीपीएड झालेली लेक मिळाली, काळीभोर जमीन मिळाली आणि म्हैस तर अशी मिळाली की तिची चरवी भरलेली बघून शेजारणी उसासे टाकायच्या. मिळाला नाही तो फक्त कप. तो सलग चार वर्षं त्यांच्या हातातोंडाशी आला आणि दर वर्षी थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे रूपाबाईंच्या, घरी जाऊन बसला.

कप कसला, तर महिलांच्या गोल्फचा. हसू नका. हिंगोली जिल्ह्यात गोल्फ म्हटल्यावर हसणारे पुष्कळ पाहुणे येऊन गेले, आणि जाताना त्यातलेच दोघंतिघं 'आमच्या घरच्या बायांना पुढल्या वर्षी खेळवाल का' म्हणून हळूच विचारून गेले. स्पर्धेचं नाव 'शेततळं चषक'. तिचा इतिहास गावातल्या बाया अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, निजामाच्या काळापासून चालत आली असेल. वय आहे पाच वर्षं.

सुरुवात केली सोजराबाईंच्या लेकीनं, आकांक्षानं. ती पुण्यात शिकत होती तेव्हा रविवारी एका गोल्फच्या मैदानावर चेंडू गोळा करायच्या कामाला जायची. शिक्षण संपवून गावी आली ती तीन जुन्या काठ्या आणि झुडपांत हरवलेल्या चेंडूंची पिशवी घेऊनच. हरभरा निघाला होता, हळदीची कामं अजून हातघाईला आली नव्हती, आणि तिच्या वडलांचं, किशनरावांचं, रान मोकळं पडलं होतं. आकांक्षानं तेलाचे डबे कापून जमिनीत पुरले, शेजारी काठ्या रोवून त्यांना जुन्या लुगड्यांचे काठ बांधले आणि बायांना म्हणाली, "चेंडू मारत मारत डब्यात घालायचा. कमी टोल्यांत घालंल ती जिंकली."

"मंग गोट्याच की!" बाया म्हणाल्या, आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

खेळ तिथून पुढं आपला आपण वाढला. काठ्या कमी पडल्या तेव्हा सुतारानं बाभळीच्या करून दिल्या. पुण्याच्या मैदानात वाळूचे खड्डे असतात, इथं उकिरडा होता. मैदानात काठ्या घेऊन सोबत चालणारा एक मदतनीस लागतो, त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणतात. बायांनी त्याचं नाव पाठराखीण ठेवलं. नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण, तशीच ही खेळणारीच्या मागं मागं जायची, चेंडू पदराला पुसून द्यायची आणि चुकलं की समजूत काढायची. शेणात गेलेला चेंडू कुणी काढायचा यावरून पहिल्याच दिवशी भांडण झालं, तेव्हा ठरलं की तो खेळणारीच्या जावेनं काढून द्यायचा. जाऊ विरुद्ध बाजूनं खेळत असली तरी सुटका नाही. कप हिंगोलीहून आणला, पण दुकानात कपावर बाई नव्हती, बॅट उगारलेला पुरुषच होता. बायांनी त्याच्या डोक्यावर लाल चिंधीचा पदर घातला आणि काम भागवलं.

आणि मग उडी. सगळ्या परंपरांची राणी ती हीच, आणि सोजराबाईंच्या सगळ्या दुःखाचं मूळही हीच.

त्याचं असं झालं. पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात दोघी जावा समोरासमोर आल्या. शेवटचा डबा शेततळ्याच्या बांधाला लागून होता. सोजराबाई पुढं होत्या. त्यांचा चेंडू डब्यापासून हातभर अंतरावर, लेकरानंही घातला असता. तेवढ्यात आकांक्षाला काय सुचलं, ती जमलेल्या बायांना सांगायला लागली, "अमेरिकेत बायांची एक लय मोठी स्पर्धा हाय. पन्नास वर्सांच्या वर झाले तिला. जी बाई जिंकती ना, ती शेवटच्या डब्याजवळच्या तळ्यात उडी मारती. संगं पाठराखीण, आईबाप, लेकरं, सगळे. आन भायेर आली की तिला पांढरा झगा घालतेत."

"काहून मारती उडी?" कुणीतरी विचारलं.

"खुशीनं. एका वर्षी एकीनं मारली. मंग काही वर्सांनी दुसरीनं. मंग नेमच पडला. ती स्पर्धा दुसऱ्या शहरात गेली तरी उडी काही सुटली न्हाई."

बाया शेततळ्याकडं बघायला लागल्या. सोजराबाईंनीही बघितलं, आणि त्या दोन पावलं मागं सरकल्या.

त्यांचं माहेर गोरेगावच्या बाजूला, माळावरचं. तिथं पाणी म्हणजे हंड्यात असतं तेवढं. घागरीत हात घालून तळ लागला नाही तरी लहानपणी त्यांना धडधडायचं. किशनरावांनी शेततळं खोदलं, त्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरला, पाणी भरलं, आणि त्या दिवसापासून सोजराबाई नवऱ्याची भाकरी शेताच्या बांधावर ठेवून लांबूनच हाक मारायच्या. किशनरावांना वाटायचं, बायको सापाला भिते. त्यांनी कधी विचारलं नाही आणि बाईंनी कधी सांगितलं नाही. पाण्याला भिते हे कबूल करायचं कुणासमोर? रूपाबाईंसमोर? त्या सिद्धेश्वर धरणाच्या काठच्या, लग्नात माहेराहून पितळी भांड्यांबरोबर पोहणंही घेऊन आलेल्या. त्यांनी पुढची वीस वर्षं ते दळण दळलं असतं.

तेव्हा सोजराबाईंनी काठी उचलली, हात थरथरल्यासारखा केला आणि हातभरावरचा चेंडू डब्याच्या कडेनं घालवून दिला.

रूपाबाई जिंकल्या. जिंकल्या त्या जिंकल्या, "अमेरिकेच्या बाया मारतेत, मंग आमी काय कमी हाव का?" म्हणत लुगड्यासकट तळ्यात गेल्या. पाच मिनिटं म्हशीसारख्या डुंबल्या. मग बाहेर यायला गेल्या तर कागदावरून पाय सटकन खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. शेवटी ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब टाकली, दोरखंड आणला आणि अर्ध्या गावानं रूपाबाईंना ओढून काढलं. पांढरा झगा कुठून आणायचा? वाळत टाकलेलं किशनरावांचं धोतर ओढून त्यांच्या अंगावर घातलं. दुसऱ्या वर्षीपासून ट्यूबला झेंडूच्या माळा आल्या, दोरखंडाला हळद लागली, आणि धोतर नीळ घालून, इस्त्री करून पाटावर ठेवलं जाऊ लागलं. किशनरावांनी दोनदा ते परत मागून पाहिलं. परंपरेला हात लावू नका म्हणून बायांनी त्यांनाच दटावलं.

दुसऱ्या वर्षी सोजराबाईंनी चेंडू नेमका उकिरड्यात घातला. तिथं शेण होतं, नियमाप्रमाणं तो रूपाबाईंना कोपरापर्यंत हात घालून काढावा लागला, आणि हरण्यातही सुख असतं हे सोजराबाईंना त्या दिवशी कळलं. तिसऱ्या वर्षी त्यांना ऐन वेळी शिंक आली. चौथ्या वर्षी डोळ्यात कुसळ गेलं. स्पर्धेचा माइक गावच्या उकंडरावांकडं असायचा. गावातलं कोणतंही कार्य असो, माइक त्यांच्याच हातात. ते दर वर्षी कळवळून सांगायचे, "सोजराबाईंचा हात शेवटी कापतो, मंडळी. खेळ लय भारी, पर हात कापतो!" गावानंही ते पक्कं मानलं. सोजराबाईंचं काही बिघडत नव्हतं. लोक कीव करत होते, पण कोरडं राहायला मिळत होतं.

पाचव्या वर्षी मात्र घोटाळा झाला, आणि तो चुलीपाशी झाला.

अंतिम सामना रविवारी होता. समोर अर्थातच रूपाबाई. आकांक्षा या वर्षी आईची पाठराखीण होती. सकाळी ती चेंडू धूत बसली होती आणि सोजराबाई भाकरी थापत होत्या. सोमवारी आकांक्षाची संभाजीनगरला क्रीडा शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. आधी तीनदा तिनं अशा मुलाखती दिल्या होत्या आणि तिन्ही वेळा तिचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं लागलं होतं. म्हणजे तेच, दुसरा नंबर.

"उद्या कोणत्या गाडीनं जातीस?" सोजराबाईंनी विचारलं.

"न्हाई जायची मी."

"काहून?"

"जाऊन काय करू? व्हनार तर न्हाईच." आकांक्षानं चेंडू पुसला आणि बाजूला ठेवला. तिचा आवाज अगदी सरळ होता, त्यामुळं सोजराबाई जास्तच घाबरल्या. "आई, तू मनाला लावून घेऊ नको. तू सगळ्यांत भारी खेळती, मला म्हाईत हाय. पर शेवटच्या टायमाला तुझा हात कापतो. माझं बी तसंच व्हतं. समोर चार मानसं बसली की येतं ते बी इसरून जाते मी. तुझ्यावर गेले. आपल्या रक्तातच हाय ते, दुसरा नंबर."

तव्यावरची भाकरी करपली. सोजराबाईंना वासही आला नाही.

त्यांच्या मनात आलं, आत्ताच सांगून टाकावं की बाई गं, रक्तात काही नाही, मी मुद्दाम हरत होते. पण ते कुणाला पटणार? चार वेळा हरलेली बाई पाचव्या सामन्याच्या सकाळी म्हणते, मी मुद्दाम हरले. हरलेलं माणूस असंच बोलतं. आकांक्षा वरून हो म्हणाली असती आणि आईची अजूनच दया आली असती तिला. नाही, आधी जिंकून दाखवायला हवं होतं. आणि जिंकायचं म्हणजे... सोजराबाईंनी पुढचा विचार केला नाही. त्यांनी करपलेली भाकरी म्हशीपुढं टाकली आणि काठी घेतली.

रूपाबाई मैदानावर आल्या त्या उडीच्या तयारीनंच. हातातलं घड्याळ काढून ठेवलेलं, मोबाईल नवऱ्याकडं दिलेला, केस घट्ट बांधलेले. येता येता त्यांनी ट्यूबच्या माळा नीट आहेत का तेही बघून घेतलं.

"चला सोजराबाई," त्या प्रेमानं म्हणाल्या, "तुमचं बी नाव कपावर घालायला लावू एखाद्या साली. खाली, बारीक अक्षरात."

"घाला की बाई," सोजराबाई म्हणाल्या आणि पहिला टोला हाणला.

तो चेंडू असा गेला की उकंडरावांना माइकवर काय बोलावं सुचेना. चार वर्षं डब्याला घासून चेंडू चुकवायचा, आणि तोही कुणाला कळू न देता, ही काही सोपी गोष्ट नाही. त्यासाठी डबा कुठं आहे, उतार किती, ढेकळं कुठं, हे जिंकणारीपेक्षा जास्त ठाऊक असावं लागतं. सोजराबाईंना ते सगळं ठाऊक होतं. पहिल्या डब्यात त्यांचा चेंडू रूपाबाईंपेक्षा कमी टोल्यांत गेला, दुसऱ्यात गेला, तिसऱ्यात उकिरड्याच्या कडेनं वळसा घालून गेला. रूपाबाईंचं हसू मावळलं. त्यांनी घड्याळ परत मागून घेतलं आणि मनगटात घातलं. मग जोर लावून एक चेंडू सरळ कापून ठेवलेल्या तुरीच्या कडप्यात मारला आणि तो शोधण्यातच त्यांची दमछाक झाली.

"आई," आकांक्षा मागून कुजबुजली, "काय खाऊन आलीस गं?"

"कायबी न्हाई. भाकर करपली."

मधल्या डब्यांत रूपाबाईंनी बरंच भरून काढलं. शेवटच्या डब्यापाशी आल्या तेव्हा सोजराबाई एकाच टोल्यानं पुढं होत्या, पण त्यांचा चेंडू चांगला दोन पावलं लांब होता. हा गेला तर कप. नाही गेला तर रूपाबाई बरोबरी साधणार, आणि मग काय होतं ते गावाला चार वर्षं माहीत होतं. डब्याच्या पलीकडं बांध, बांधापलीकडं काळं पाणी. वाऱ्यानं त्यावर बारीक लाटा उठत होत्या.

सोजराबाईंनी काठी धरली आणि त्यांचा हात कापायला लागला. चार वर्षं त्यांनी तो मुद्दाम कापवला होता. आज तो खरोखर कापत होता, आणि काही केल्या थांबत नव्हता.

"हात कापून राहिला, मंडळी!" उकंडराव दुःखानं ओरडले.

सोजराबाईंनी मान वळवून लेकीकडं बघितलं. आकांक्षानं डोळे मिटून घेतले होते. आईची फजिती बघायला नको म्हणून मिटले होते, हे सोजराबाईंना स्पष्ट कळलं, आणि त्यांना मनस्वी राग आला. रूपाबाईंचा नाही, उकंडरावांचा नाही, स्वतःचा. कापणाऱ्या हातानंच त्यांनी चेंडू ढकलला. तो ढेकळावरून उडाला, डब्याच्या कडेवर क्षणभर थांबला आणि टण्णकन आत पडला.

पुढं काय झालं ते सोजराबाईंना नीट आठवत नाही. हलगी वाजत होती, कुणीतरी गुलाल उधळत होतं, बाया त्यांना ढकलत ढकलत बांधावर घेऊन चालल्या होत्या आणि उकंडराव माइकवर "उडी! उडी!" करत होते. बांधाच्या टोकाला आल्यावर सोजराबाईंचे पाय रुतले. पुढं सरकेनात. मागून ढकललं तर त्या खालीच बसल्या.

"आई, ऊठ ना," आकांक्षानं हात धरला. हात बर्फासारखा गार. तिनं आईच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग पाण्याकडं, मग पुन्हा आईकडं. आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: शिंक, कुसळ, उकिरडा.

"आई... तू पाण्याला भेती?"

सोजराबाईंनी लेकीचा हात घट्ट धरला.

"म्हंजी चार वर्सं तू मुद्दाम हारत व्हतीस?"

"मंग काय करू?" सोजराबाई कळवळून म्हणाल्या. "जिंकलं तर बुडवतेत!"

हलगी थांबली. माइक आकांक्षाच्या अगदी जवळ होता, त्यामुळं हे संभाषण सगळ्या रानानं ऐकलं. रूपाबाईंनी तर दोनदा ऐकलं, एकदा कानानं आणि एकदा लाउडस्पीकरवरून. त्या पुढं आल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"म्हंजी माझे चार कप?" त्या म्हणाल्या. "माझे चारी कप तुमी मला दान केले? आन शेनातला चेंडू? तो बी मुद्दाम?"

"तो तर लयच मुद्दाम," सोजराबाईंच्या तोंडून निघून गेलं.

गाव हसलं. किशनराव, जे वर्षाकाठी दोनदा हसतात, ते हसले. आकांक्षा मात्र हसली नाही. ती आईशेजारी बांधावर मटकन बसली आणि तिचे डोळे भरून आले. "मी काय समजून बसले व्हते, ठावं हाय तुला? मला वाटलं, आपल्याला जमतच न्हाई. तीन वर्सं मी मुलाखतीला जायच्या अगोदर हारून जात व्हते. आन तू निस्ती पाण्याला भेत व्हतीस?"

"आता तर कळलं ना तुला? मंग उद्या जा."

"तू उडी बी मारीना आन मला म्हनती जा. भ्याव सगळ्यांलाच असतं आई. मला बी हाय. मी बी बसते इथं तुझ्यासंगं."

लेकीनं हे रागानं म्हटलं होतं. सोजराबाईंनी ते ऐकलं, एकदा पाण्याकडं बघितलं, डोळे गच्च मिटले, आणि ट्यूब टाकायचीही वाट न बघता, "अगं माय गं!" असं ओरडत त्या बांधावरून गेल्या.

मोठा आवाज झाला. बायांनी किंकाळ्या फोडल्या. किशनराव चपला न काढता धावले. पण पाठराखीण सगळ्यांच्या आधी पाण्यात होती. पाणी आकांक्षाच्या गळ्यापर्यंत आलं. तिनं आईला धरलं, आणि आईनं तिच्या गळ्याला अशी मिठी मारली की दोघीही बुडतात की काय असं वाटलं. वरून झेंडूच्या माळांसकट ट्यूब पडली. पाठोपाठ दोरखंड आला, आणि त्याचं टोक रूपाबाईंनीच धरलं होतं. "पुढल्या साली खरं खेळायचं!" त्या वरून ओरडत होत्या. "ऐकू येतंय का? खरं खेळायचं, न्हाईतर मी काढत न्हाई वर!"

सोजराबाईंना यातलं काही ऐकू येत नव्हतं. डोळे घट्ट मिटलेले, नाकातोंडात पाणी, आणि त्या लेकीच्या कानात एकच धोशा लावून राहिल्या होत्या. "जाशील का न्हाई? बोल, जाशील का?"

"आई, गळा सोड! गुदमरले मी!"

"आगुदर बोल. जाशील का?"

"जाते! सकाळच्या पहिल्या गाडीनं जाते! जाते म्हनलं ना!"

तेवढं ऐकल्यावर सोजराबाईंच्या हातांची पकड सैल झाली. त्यांनी डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं, वर बघितलं, खाली बघितलं, आणि आपण शेततळ्याच्या मधोमध पाण्यात उभ्या आहोत हे तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. मग मात्र त्या अशा ओरडल्या की उकंडरावांचा माइक बंद असूनही ते जवळा बाजारच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.